रोजचे भिंग

जुना डीएसएलआर कॅमेरा घरात आला की दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो : याच्या तोंडावर रोज कोणते भिंग लावून हिंडावे? आमच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी आरसा नसलेले नवे कॅमेरे घेतले आणि जुने विकायला काढले. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यामुळे एके काळी ज्या यंत्राकडे दुकानाच्या काचेतून नुसते पाहावयाचे, ते यंत्र आता कॉलेजातला मुलगा किंवा आमच्यासारखा शाळामास्तर दोन-तीन महिन्यांची काटकसर करून गळ्यात अडकवू शकतो. कॅमेरा कधी नुसता मिळतो, कधी त्याच्याबरोबर आलेल्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या लेन्ससह. पुढची लेन्स मात्र ज्याची त्याने निवडावयाची.

दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. ‘१८ ते २०० घेऊन टाका, सगळे येते त्यात.’ सगळे येते हे खरे आहे. परंतु ‘सगळे’ म्हणजे काय आणि ते कोठे उभे राहून पाहावयाचे, हा प्रश्न दुकानदाराच्या कितीतरी आधीपासून छायाचित्रणाला पडत आलेला आहे. प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या सोयीने, कधी आपापल्या सत्तेच्या सोयीने, उत्तर दिले. आपल्या भागाच्या कोणत्या प्रतिमा उरल्या आणि कोणत्या उरल्याच नाहीत, हे त्या उत्तरांवर ठरले. म्हणून या निवडीचा इतिहास थोडा सविस्तर सांगावा असे मनात आले.

लेन्सवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला नाभीय अंतराचा. दहावीच्या पुस्तकात बहिर्गोल भिंगाच्या आकृतीत मुले जे अंतर मोजतात, तेच हे. आकडा लहान असला तर भिंगाला रुंद पट्टा दिसतो. मोठा असला तर दूरची वस्तू जवळ ओढली जाते. दुसरा आकडा छिद्राचा. तो जितका लहान, तितका आत येणारा उजेड अधिक. छायाचित्रणाचा निम्मा इतिहास या दोन आकड्यांच्या ओढाताणीचा आहे.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा तिच्या कॅमेऱ्यातले भिंग फारच अंधारे होते. इमारती त्याला चालत, कारण इमारती हलत नाहीत. माणसाला मात्र भर उन्हात कित्येक मिनिटे डोळे न मिटता बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील जोसेफ पेत्सवाल या गणिताच्या प्राध्यापकाने आकडेमोड करून छिद्र ३.६ असलेले भिंग आखले. त्या आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले होते असे सांगतात. तोफेच्या गोळ्याचा मार्ग मोजणाऱ्यांनी माणसाच्या चेहऱ्याकडे येणारे किरण मोजले, ही गोष्ट मला शाळेत सांगावयास फार आवडते. फोख्टलेंडर या कारखान्याने ते भिंग घडविले आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले.

तथापि पेत्सवालचे भिंग मध्यावर तेवढे लख्ख आणि कडांना विरघळलेले असे. चेहऱ्याला ते ठीक. देवळाच्या खांबांना निरुपयोगी. खांब सरळ यावेत म्हणून १८६६ मध्ये इंग्लंडात डालमेयरने आणि जर्मनीत स्टाइनहाइलने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वेगळे भिंग काढले. त्याचे छिद्र ८, म्हणजे उजेड पुन्हा कमी. याप्रमाणे चेहऱ्याचे भिंग निराळे आणि दगडाचे निराळे झाले. एकाच पेटीत दोन्ही घेऊन हिंडणे ज्याला परवडे त्याने ते करावे. इतरांनी काय टिपावयाचे ते आधी ठरवावे.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. म्हणजे युरोपात ही कला पंधरा-सोळा वर्षांची असताना मुंबईतली मराठी माणसे ती शिकत होती. मराठवाड्यात मात्र ती आली ती लेण्यांच्या वाटेने. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी आला होता. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या त्या रंगीत नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पण त्याआधीच गिलने कॅमेरा हाती घेतला होता. दोन डोळ्यांच्या अंतरावर दोन भिंगे असलेला तो कॅमेरा. त्याची जोडचित्रे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की लेणे खोलीसकट उभे राहते. फर्ग्युसनच्या मजकुरासह ती १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गिलची कबर भुसावळला आहे.

आमच्या जिल्ह्याची पाळी थोडी उशिरा आली. जेम्स बर्जेस याने १८७५–७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखातील बीदर व औरंगाबाद या भागांतल्या पुराणवास्तूंची पाहणी केली आणि १८७८ मध्ये तिचा अहवाल लंडनला छापला. त्यात अंबाजोगाई आहे. तेव्हा ते मोमिनाबाद, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी. जयंती नदीकाठचे जे लेणे आम्ही हत्तीखाना म्हणून ओळखतो, ते त्यात आले. अंगणातले दगडी हत्ती, नंदीचा मंडप, आतली खांबांची रांग या साऱ्यांची मापे घेतली गेली.

त्या काळी असे काम करावयाचे म्हणजे काय खटाटोप असे, याची आज कल्पना येणे कठीण. काचेच्या पट्टीवर ओले रसायन चढवावयाचे, ते वाळण्याच्या आत चित्र घ्यावयाचे आणि लगेच काळोख्या तंबूत धुऊन काढावयाचे. उन्हाळ्यात तर रसायन हातातल्या हातात वाळे. पाणी, तंबू, काचा, बाटल्या, तिकाटणे. एवढे सामान बैलगाडीतून किंवा हमालांच्या डोक्यावरून चाले. सहज फिरता फिरता फोटो काढणे हा प्रकारच तेव्हा नव्हता. जिथे गाडी थांबली तिथे इतिहास टिपला गेला. आणि गाडी थांबे ती दगडापाशी. पुराणवास्तूंच्या जुन्या छायाचित्रांत माणूस दिसलाच, तर तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला असतो, फूटपट्टीच्या ऐवजी.

माणसांचीही छायाचित्रे निघत होती, नाही असे नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ च्या सुमारास मुंबईच्या जातिजमातींचे दोन भाग प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे एका जागी टिपली आणि मागचे देखावे दुसरीकडून आणून जोडले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे सरकारी आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत माणूस जातीचा नमुना म्हणून येतो. फुलपाखरू टाचणीला लावावे तसा. नाव क्वचितच. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने केवळ सापळे उरलेल्या माणसांना ओळीने बसवून, रचून फोटो काढले. पुढे १८८६ मध्ये मंडालेत कैद्यांना गोळ्या घालण्याच्या क्षणी कॅमेरा लावल्याबद्दल याच हूपरची चौकशी झाली. हूपरच्या भिंगात दोष नव्हता. ते चांगले, स्पष्ट भिंग होते. त्याच्या मागे उभा असलेला माणूस समोरच्याशी एक शब्दही न बोलता काम करू शकत होता, एवढेच.

या रांगेत लाला दीनदयाळ यांची जागा मला नेहमी अवघड वाटत आली आहे. मीरतजवळच्या सरधन्याला १८४४ मध्ये जन्मलेला, रुडकीला शिकलेला, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रकार झालेला हा माणूस १८८५ च्या सुमारास सहाव्या निजामाच्या पदरी आला. १८९४ मध्ये त्याला ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. हैदराबादेत त्याने पडदानशीन स्त्रियांसाठी बायकांनीच चालविलेला स्टुडिओ १८९२ मध्ये काढला, हे तर फारच मोठे काम. त्याच्या चित्रांतली शिकार, दरबार, राजवाडे पाहून डोळे दिपतात. पण शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळात निजाम सरकारने काढलेल्या कामांचीही छायाचित्रे त्याच्या स्टुडिओने घेतली. त्यांत औरंगाबाद भागातली आहेत. आमचा बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिला. ही छायाचित्रे दरबाराची सत्कृत्ये दाखविण्यासाठी होती. म्हणून कॅमेरा लांब आणि उंचावर. मजूर आहेत, पण घोळका म्हणून. चित्र नितळ, मांडणी निर्दोष. त्या मजुरांपैकी एकाच्याही हाती त्या चित्राची प्रत गेली असेल असे मला वाटत नाही. दीनदयाळांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याचे खावे त्याच्या ओसरीवरून जग पाहावे लागते. पण आमच्या आजे-पणजोबांचे त्या काळचे जे काही चित्र उरले आहे ते असे, ओसरीवरून घेतलेले आहे.

भिंग हातात घेऊन रस्त्यावर उतरण्याचा योग १९२५ मध्ये आला. जर्मनीतल्या लाइट्झ कारखान्यातला ओस्कर बार्नाक दम्याने बेजार होता. अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. सिनेमाची फिल्म आडवी फिरवून त्याने दोन चौकटींची एक चौकट केली : २४ गुणिले ३६ मिलिमीटर. त्यावर मॅक्स बेरेकने आखलेले ५० मिलिमीटरचे भिंग बसविले आणि लायका कॅमेरा लाइपझिगच्या जत्रेत मांडला. या चौकटीचा कर्ण मोजला तर तो सुमारे ४३ मिलिमीटर भरतो, आणि कर्णाएवढ्या नाभीय अंतराचे भिंग ‘साधे’ समजण्याचा प्रघात आधीपासून होता. तेव्हा ५० हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. घडविण्यास सोपे आणि कडेपर्यंत स्पष्ट असे भिंग त्या आकड्याला जमले म्हणून जमले. पुढे सवयीचा नियम झाला, आणि ‘माणसाच्या डोळ्याला दिसते तसे ५० मिलिमीटरला दिसते’ असे पुस्तकांतून छापले जाऊ लागले. मला ते फारसे पटत नाही. माणसाचा डोळा एका जागी कोठे बसतो? पण एक गोष्ट खरी. या भिंगाने माणसाचा चेहरा भरून हवा असेल तर बोलण्याच्या अंतरावर जावे लागते. कार्तिए-ब्रेसाँ १९४७–४८ मध्ये हिंदुस्थानात हिंडला तो मुख्यतः असेच भिंग घेऊन. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची भेट घेऊन तो निघाला आणि थोड्याच वेळात त्यांचा खून झाला.

मराठी घरांत लायका कोण आणणार? आमच्याकडे आला तो आगफाचा क्लिक थ्री, बडोद्याला तयार होणारा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. एकच भिंग, तेही हलत नसे. ऊन आणि ढग एवढ्या दोन खुणा. दोन-तीन पावलांच्या आत गेलात तर चेहरा धूसर. म्हणून त्या काळच्या घरगुती फोटोंत सगळी मंडळी एकाच अंतरावर उभी असतात, पायांपासून डोक्यापर्यंत, मागे तुळशीवृंदावन किंवा घराचे दार. पुष्कळजण या फोटोंना हसतात. मला त्यांत एक मोठा गुण दिसतो : फोटो काढणारा घरचाच असे, आणि उभे राहणाऱ्याला आपला फोटो निघतो आहे हे ठाऊक असे. जत्रेत रंगविलेला पडदा लावून बसणारा फोटोवालाही तसाच. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो त्या पडद्यापुढचा आहे, आणि तो फोटो घरात आहे, कुठल्या दप्तरखान्यात नव्हे.

झूमचा इतिहास मी थोडक्यात उरकतो. छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी पहिला नाव घेण्याजोगा झूम १९५९ चा, फोख्टलेंडरचाच, ३६ ते ८२ मिलिमीटरचा. निकॉनचा ४३ ते ८६ हा १९६३ चा, तो खूप खपला. डिजिटल युगात कॅननने २००३ मध्ये स्वस्त डीएसएलआरबरोबर १८ ते ५५ दिला. निकॉनचा १८ ते २०० हा २००५ चा. तेव्हापासून माणसाने पाय हलविण्याऐवजी मनगट हलवावयास सुरुवात केली.

आता जुना डीएसएलआर घेणाऱ्याने एक गणित ध्यानात ठेवले पाहिजे. या स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर बार्नाकच्या चौकटीहून लहान असतो. म्हणून निकॉनमध्ये भिंगाच्या आकड्याला दीडने गुणावयाचे आणि कॅननमध्ये १.६ ने, म्हणजे जुन्या मापाने ते किती ते कळते. ‘५० हे सर्वांत उत्तम’ असे जुन्या पुस्तकात वाचून कोणी ५० ची स्वस्त लेन्स घेतली, तर तिचे वागणे ७५ किंवा ८० सारखे होते. खेड्यातली खोली दहा फुटांची, म्हणजे सुमारे तीन मीटर. तीन मीटरवरून निकॉनवर ५० ला जेमतेम १.४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. चुलीपाशी बसलेली आई आली की भाकरी थापून देणारी लेक बाहेर राहते. ३५ ला तेवढ्याच अंतरावरून दोन मीटर दिसतात. दोघी येतात, परातही येते. आणि ३५ ला दीडने गुणले की ५२.५. बार्नाकचा आकडा पुन्हा हजर!

निकॉनने या लहान सेन्सरसाठी ३५ मिलिमीटर, छिद्र १.८ अशी लेन्स २००९ मध्ये काढली. कॅननवाल्याला २४ मिलिमीटर, छिद्र २.८ अशी २०१४ ची चपटी लेन्स मिळते. तिचे जुन्या मापाने ३८ होतात. ती उजेडाला थोडी कमी, पण खिशात मावते. बरोबर आलेल्या १८ ते ५५ लाही ३५ दिसते, मग वेगळा खर्च कशाला, असे कोणी विचारील. फरक उजेडाचा आहे. त्या जागी झूमचे छिद्र साडेचारच्या आसपास असते, १.८ मधून त्याच्या सहापट उजेड येतो. जिथे झूमला दहांश सेकंद लागतो आणि हललेला हात चित्रात उतरतो, तिथे १.८ साठांश सेकंदात काम उरकते.

जुनी लेन्स घेताना पारखावयाच्या गोष्टी मात्र नीट पारखाव्यात. विजेरी एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातून, मुंबईहून आलेल्या लेन्सला हा रोग अधिक. आमच्या दुष्काळी हवेचा एवढा एक उपकार की इथे बुरशी सहसा धरत नाही. पण धूळ झूमच्या सांध्यात शिरते आणि फिरवताना करकर ऐकू येते. ती ऐकू आली की पैसे परत खिशात घालावेत. छिद्राच्या पात्यांना तेल लागले आहे का ते पाहावे. आणि निकॉनवाल्याने एक विचारून घ्यावे : २००६ च्या डी ४० पासून स्वस्त कॅमेऱ्यांत नेम धरणारी मोटार नाही. जुनी लेन्स १९५९ पासून चालत आलेल्या त्याच तोंडावर बसते खरी, पण तिच्यात स्वतःची मोटार नसेल तर नेम हाताने धरावा लागतो.

हे सगळे ऐकूनही एखादा म्हणेल, की आमच्या जिल्ह्यात पाहण्यासारखे ते ३५ मध्ये कुठे मावते? बरोबर आहे. बीडचे कंकाळेश्वर पाण्यात उभे आहे. काठावरून त्याचे शिल्प टिपावयाचे तर लांबचे भिंग लागते. हत्तीखान्यात उलट, तिथे मागे सरकावयास जागा नाही, १८ च लावा आणि तिकाटणे न्या. सौताड्याच्या दरीला रुंद भिंग हवे, नायगावच्या मोरांना ३०० सुद्धा पुरत नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर लिहिलेले पंचीकरण. ती टिपावयाची तर हप्त्याहप्त्याने, कापडाला काटकोनात राहून, कडेपर्यंत सरळ दिसणाऱ्या भिंगाने टिपावी लागेल. ही कामे करावीत, जरूर करावीत. पण ती सुट्टी काढून, तयारीने जाण्याची कामे आहेत. कंकाळेश्वर उद्याही तिथेच आहे.

जे उद्या तिथे नसते ते आमच्या गावात दसऱ्यानंतर दिसते. सीमोल्लंघन झाले की ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. ट्रॅक्टर लागतो तो पहाटे किंवा रात्री. भांडी, पीठ, गोधड्या, कोंबड्या, लहान मूल, सारे चढते. पाच-सहा महिने मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, साखर कारखान्याच्या आसऱ्याने कोपीत. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत. काही मुले आजीपाशी राहतात. काहींची नावे माझ्या हजेरीपटावर असतात आणि बाके रिकामी. या माणसांचे फोटो निघत नाहीत असे नाही. दर हंगामाला वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर मोळी उचललेली बाई दिसते, भेगाळलेले रान दिसते. बहुतेक चित्रे लांबून, फडाच्या बांधावरून, लांब भिंगाने घेतलेली. नाव नसते. दीनदयाळांच्या ओसरीपासून फडाच्या बांधापर्यंत कॅमेरा सव्वाशे वर्षांत तेवढाच सरकला, असे ही चित्रे पाहताना वाटते.

१८ ते २०० ची लेन्स असली की मास्तरालाही शाळेच्या ओसरीवरून निघालेला ट्रॅक्टर टिपता येईल. बाईला कळणारही नाही. मला तेच नको आहे. ३५ ला दोन मीटरवर गेल्याखेरीज काही मिळत नाही. आणि दोन मीटरवर गेले की ‘निघालात का? कोणता कारखाना? पोरगी कुठं ठेवली?’ असे विचारावेच लागते. बाईला नको असेल तर ती पदर ओढून घेते आणि फोटो होत नाही. कॅमेरा उभा धरला तर त्या अंतरावर शेजारी बसलेली दोन माणसे गुडघ्यापासून डोक्यापर्यंत बरोबर मावतात. ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात १.८ ला ते चित्र निघते. झूमला निघत नाही. रोजची लेन्स मी ३५ म्हणतो ती एवढ्यासाठी. बाकीच्या गुणांवर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

गेल्या हंगामात एक जोडपे टायरगाडीने निघाले होते. मी जवळ जाऊन फोटो काढू का म्हणून विचारले, तेव्हा बाईने आधी बैलांकडे पाहिले आणि म्हणाली, ‘गुरुजी, बैलं बी येतेत का त्यात?’ दोन मीटरवरून बैल येणे शक्य नव्हते. मी आठ-नऊ पावले मागे सरलो, मागच्या कडुनिंबाला पाठ लागेपर्यंत. मग जोडी आली, दोघे आली, गाडीचे एक चाक बाहेर राहिले. तालुक्याहून दोन प्रती करून आणल्या. एक म्हातारीपाशी राहिली, तिच्या फडताळात. दुसरी मुकादमाच्या माणसाबरोबर कारखान्यावर पाठविली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती कोपीत ठेवली आहे, असा निरोप संक्रांतीला आला.